त्या कार्डातल्या लपवलेल्या फायली

आता लिहितो आहे ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. नोकरीत असताना सांगण्याची हिंमत नव्हती, आणि स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर कोणी विचारलं नाही. त्या गुन्ह्याचा तपास कागदावर चोख झाला. मुद्देमाल मिळाला, आरोपी मिळाला. पण त्या तपासात एका निरपराध माणसाचं नाव मी खराब केलं, आणि चूक कोणाची हे कळल्यावर गप्प बसलो.

मी तेव्हा मोखाड्याच्या बाजूला एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. ऐन उन्हाळ्यात सूर्यमाळच्या अंगाला एका पाड्यावरच्या विहिरीची मोटर चोरीला गेली. बायकांना हंडे घेऊन खाली दरीत उतरावं लागलं. सरपंच माणसं घेऊन ठाण्याच्या दारात येऊन बसला, वरून फोन सुरू झाले.

खबऱ्याने नाव दिलं ते पाणी सोडणाऱ्याचं. पंचायतीने ठेवलेला पंचविशीतला तरुण, सगळे त्याला पाणीवालाच म्हणायचे. पंपघराची चावी त्याच्याकडे आणि कुलूप शाबूत. आम्हाला एवढं पुरेसं होतं. उचलून आणला.

खोटं बोलणारा माणूस न विचारलेलंही सांगत सुटतो, असा माझा अनुभव. हा उलट फारच कमी बोलायचा. मोटर मी नेली नाही, त्या रात्री जामसरला लग्नात होतो, एवढंच. साक्षीदार कोण, तर सगळे मामा आणि मावश्या. नातेवाइकांच्या साक्षीला आम्ही किती किंमत देतो ते सांगायला नको. मग म्हणाला, "कार्डात बघा ना, सायेब. लग्न भरून घेतलंय."

त्या भागात हे नेहमीचं. पाड्यांवर रेंज नसते. लोक बाजाराच्या दिवशी जव्हारला मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड देतात आणि गाणी भरून घेतात. लग्नाचं शूटिंगही असंच पोचतं. शूटिंगवाला ते दुकानदाराकडे ठेवतो आणि पाव्हणेमंडळी आपापल्या कार्डात लग्न भरून नेतात.

त्याचा फोन साधा, बटणांचा. फोनातच दिसतंय, असं तो सांगत होता. एवढ्याशा पडद्यावर नाचणाऱ्यांचे चेहरे काय ओळखू येणार, म्हणून मी कार्ड काढलं आणि थेट ठाण्याच्या संगणकाला लावलं. पंच नाहीत, पंचनामा नाही, सीलबंद लखोटा नाही. त्या संगणकावर आमचे अहवाल टाइप व्हायचे, आणि काम नसलं की हवालदार मंडळी घरून आणलेल्या पेनड्राइव्हमधले सिनेमे बघायची. मीही बघायचो.

पडद्यावर लग्नाच्या नावाचं एकच चिन्ह आलं, कोपऱ्यात छोटा बाण असलेलं. क्लिक केलं की क्षणभर काळी चौकट दिसायची आणि पुढे काही उघडायचं नाही. कार्ड किती भरलंय ते पाहिलं, तर जवळजवळ पूर्ण भरलेलं. भरलेलं आहे, पण आत काही दिसत नाही.

"साहेब, यानं फायली लपवल्यात," शेजारी उभा असलेला हवालदार म्हणाला.

मलाही तेच वाटलं. लपवलंय म्हणजे लपवण्यासारखं असणार, असा आमच्या खात्यातला सरळ हिशेब. काय लपवलंस, म्हणून मी दरडावलं.

"काय नाय, सायेब. लगीन हाय त्यात. परत फोनात घाला ना."

मी त्याच्या कानाखाली दोन दिल्या. कार्ड फोनात घालून पाहिलं नाही. हा पुरावा पुसायला बघतोय, अशी माझी खात्री झाली होती.

नंतर पंपघराचा पंचनामा करायला पाड्यावर गेलो. विहिरीपाशी बाया-माणसं जमली होती आणि पोलीस काय करतात म्हणून बोलत होती. त्यांना गप्प करायला मी मोठ्याने सांगितलं, "तुमच्या पाणीवाल्याच्या कार्डात लपवलेल्या फायली सापडल्यात. संशयास्पद." लोक एकदम शांत झाले. मला हायसं वाटलं.

मग जव्हारच्या दुकानदाराला बोलावून घेतलं. याला फायली लपवायला तूच शिकवलंस का, असा माझा प्रश्न. तो नेहमीचा हजरजबाबी माणूस. म्हणाला, "साहेब, माझ्याकडून रोगट कार्ड गेलं तर पुढच्या बाजारी माझ्याकडं कुत्रं फिरकणार नाही. मी रोज मशीन तपासतो. तुमच्या मशीनला शेवटचं औषधपाणी कधी केलंत?" हवालदाराला हसू आलं. मी दुकानदाराला दुपारभर बाकावर बसवून ठेवलं.

मोटर सापडली ती भंगारवाल्याकडे. त्याने टेम्पोवाल्याचं नाव सांगितलं आणि टेम्पोवाल्याने कबुली दिली. त्याने पंपघराचा मागचा पत्रा उचकटून मोटर काढली होती आणि पत्रा परत बसवला होता. आम्ही पंचनाम्यात दार आणि कुलूप बघत बसलो होतो. पाणीवाल्याला सोडून दिलं.

कार्ड अजून ठाण्यातच होतं. जिल्ह्याच्या सायबर शाखेतली एक महिला अंमलदार आमच्याकडे आली होती, तिच्यासमोर ठेवलं. तिने ते तिच्या लॅपटॉपवर उघडून दाखवलं. अख्खं लग्न त्यात होतं. मांडवात पाणीवाला नाचतोय, उजाडल्यावर पत्रावळ्यांवर वाढतोय. व्हायरस खऱ्या फायली लपवतो आणि त्याच नावाचं खोटं चिन्ह पुढे ठेवतो, असं तिने समजावलं. मग पाकिटातलं कोरं कार्ड आमच्या संगणकात घालून काढलं. त्यातही तोच बाण आणि तीच काळी चौकट.

"सर, हे त्याच्या कार्डातून आलेलं नाही," ती म्हणाली. "तारीख-वेळ बघा, खोटं चिन्ह तयार झालंय ते तुम्ही कार्ड इथं लावलंत तेव्हा. अहवालात तसं लिहू?"

"व्हायरसमुळे फायली दिसत नव्हत्या, एवढं लिहा," मी म्हणालो. "बाहेरून कुठून तरी आला असेल."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तेवढंच लिहिलं. हुद्द्याने ती माझ्यापेक्षा बरीच खाली होती. बाहेरून म्हणजे कुठून, तर जव्हारच्या दुकानातून, असा अर्थ ज्याने त्याने काढला. तोही मी काढू दिला.

काही दिवसांनी पाणीवाल्याची आई ठाण्यात आली. मी तिला खुर्ची दिली, तरी ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्याकडून कळलं की लपवलेल्या फायलींचा पाड्याने वेगळाच अर्थ लावला होता. हा विहिरीवर बायकांचं चोरून शूटिंग करतो, असं लोक बोलत होते. तो पाणी सोडायला गेला की बायका हंडे उचलून निघून जायच्या. पंचायतीने त्याला कामावरून काढलं. जिच्याशी लग्न ठरलं होतं तिच्या घरच्यांनी निरोप पाठवला की पोरगी देत नाही.

मी तिला सांगितलं की तुझा मुलगा निर्दोष सुटलाय, हवं तर लेखी देतो.

"कागद कोन वाचील?" ती म्हणाली. "तुमी विहिरीवर बोलला ना, सायेब? मंग तिथंच येऊन सांगा, त्यानं काय नाय लपवलं."

येतो म्हणालो. मग बंदोबस्त निघाले, मग बदली आली. पण खरं कारण ते नव्हतं. तिथे उभं राहायचं तर आमच्या संगणकाचं आणि सिनेमांचं सांगावं लागलं असतं, कानाखाली मारल्याचंही. पाणीवाला पुढे ठाणे शहराकडे मजुरीला गेला, असं ऐकलं.

नव्या पोरांना मी शिकवायचो, जप्त केलेलं कार्ड थेट संगणकाला लावू नका, दोन पंचांसमोर सील करा, सायबरकडे पाठवा. ऐकणाऱ्यांना वाटायचं, साहेब किती काटेकोर. हा नियम मी कोणाच्या जिवावर शिकलो, हे कधी सांगितलं नाही. पोलिसाने चारचौघांत बोलून दाखवलेला संशय गुन्हा उलगडल्यावर आपोआप फिटत नाही. ज्याने बोलून दाखवला त्यालाच तो मागे घ्यावा लागतो, आणि तेवढ्याच मोठ्या आवाजात.

दुकानदाराची माफी मागायची राहिली आहे. पाणीवाल्याचं देणं त्याहून मोठं आहे. त्याने काहीच लपवलं नव्हतं, त्याच्या फायली आमच्या संगणकातल्या व्हायरसने लपवल्या आणि मला ते माहीत होतं, हे मला त्या पाड्यावर जाऊन सगळ्यांच्या देखत सांगायचं आहे. हे लिखाण तिथे कोणी वाचणार नाही. मी अजून गेलेलो नाही.