दोन गावांचे वड

पहिलं महायुद्ध संपलं त्या वर्षी माझं लग्न झालं, आणि महिन्याभरातच नणंदेशी वाजलं, तेही वडावरून. माझं माहेर एरंडोलजवळ, सासर भडगावजवळ गिरणेकाठी. दोन्ही गावांना जुनाट, अवाढव्य वड. माहेरचा मोठा, असं मी सहज बोलून गेले. नणंद माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण जीभ माझ्यापेक्षा लांब. म्हणाली, "मोजेल शे का कधी?"

मोजला नव्हता. मला राग आला आणि खरं सांगायचं तर उत्सुकताही लागली. सासरी माझं म्हणावं असं काहीच नव्हतं. निदान वड तरी माझा मोठा निघावा, एवढंच मला हवं होतं.

वटपौर्णिमेला संधी मिळाली. पूजेच्या सुताला मी आदल्या दिवशीच दर दहा हातांवर एक गाठ मारून ठेवली. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. बाकीच्या बायका नवऱ्याचं आयुष्य मागत फेऱ्या घालत होत्या, मी गाठी मोजत होते. पहिली फेरी बरोबर चौथ्या गाठीवर पुरी झाली. चाळीस हात. सासूबाईंना गाठी दिसल्या आणि घरी पोचेपर्यंत मी बोलणी खाल्ली.

पुढल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, माहेरी गेले. मैत्रिणी झोक्यावर होत्या, मी वडिलांना घेऊन थेट वडापाशी. त्यांनी गाडीचा दोर खोडाभोवती वेढला आणि मग तो आपल्या हाताने मोजला. छत्तीस भरला. मला रडूच आलं.

"चार हात कमी शे, त्यामा काय गये?" वडील म्हणाले.

सासरी येऊन मी खरं ते सांगितलं. नणंदेला वर्षभराची बेगमी झाली.

दिवाळीनंतर विहिरीसाठी दोर घ्यायला सासूबाईंबरोबर बाजारात गेले. दोर हातावर विकत, आणि हात गिऱ्हाइकाचा. म्हणून सासूबाईंनी घरातला सगळ्यात उंच माणूस, माझे थोरले दीर, मुद्दाम सोबत आणले होते. दोरवाला कुरकुरला, पण रिवाजच तसा. दीर लांबलचक हातावर दोर मोजू लागले आणि मी जागच्या जागी थिजले. सासरचा वड मी माझ्या हाताने मोजला होता, माहेरचा वडिलांनी त्यांच्या. वडील तर दारातून वाकून आत येणारे. इतकी साधी गोष्ट आम्हा दोघांनाही सुचली नव्हती.

मग आखाजीची वाट पाहणं आलं. या खेपेला दोर मी स्वतः मोजला. त्रेचाळीस. पुन्हा मोजला, त्रेचाळीसच. परतताना बैलगाडीत मी नणंदेला काय काय ऐकवायचं ते घोळवत होते.

घरी तिच्या लग्नाची घाई चालली होती. तिला साक्रीपलीकडे, डोंगरातल्या गावी दिली होती. गाव तिने पाहिलंही नव्हतं. ती मागच्या ओट्यावर एकटीच बसली होती, डोळे सुजलेले. मी शेजारी जाऊन बसले.

"वहिनी," ती म्हणाली, "मी तठे सांगसू, मना माहेरना वडसारखा वड बठ्ठा खान्देशमा नही. खरं शे ना?"

त्रेचाळीस अगदी ओठांवर आले होते.

"खरं शे," मी म्हणाले. "मना माहेरनापेक्षा चार हात मोठा शे."