बुधवारचा उपास: ऐन मे महिन्यात शिरूर ते दौंड

मला खुर्ची सोसत नाही. दहा मिनिटं झाली की पाय आपोआप हलायला लागतात, वीस मिनिटांनी मी उठून पाण्याच्या बाटल्या भरून आणते, त्या भरलेल्या असल्या तरी. त्यामुळे नोकरीतला मला आवडणारा भाग एकच, फिरती. आमची छोटीशी कंपनी मातीतला ओलावा मोजायच्या कांड्या बनवते. वावरात कांडी रोवायची, छोट्या पडद्यावर आकडा येतो, पाणी द्यायचं की थांबायचं ते कळतं. त्या कांडीची सूचनापुस्तिका मी लिहिते. आणि पुस्तिका लिहायची तर लोक कांडी कशी वापरतात (किंवा तिला गाईचं दावं कसं बांधतात) ते बघायला जावं लागतं.

गेल्या मे महिन्यात ढोबळी मिरचीच्या शेडनेटमध्ये मी आडवी झाले. कारण सोपं होतं. दुपारी ढाब्यावर अख्खी थाळी, वर दोन गुलाबजाम, मग सलग तीन तास उन्हात. डोळे उघडले तेव्हा तोंडावर कुणीतरी फवारणीच्या पंपानं पाणी मारत होतं. (पंप नवा होता. मी विचारून घेतलं.) ऑफिसात सर म्हणाले, "परत असं झालं तर फिरती बंद. पुस्तिका इथं बसून लिहायची."

इथं बसून. हे दोन शब्द मी वर्षभर ऐकतेय.

म्हणून या वेळी निघतानाच ठरवलं, हलकं खायचं आणि हलत राहायचं. बॅगेत तीन काकड्या, फुटाण्यांचा पुडा, लिंबं, मीठ-साखरेची डबी, सुती ओढणी, दोन लिटरची बाटली. दोन दिवसांत बारा वावरं, सहा शिरूरकडची, सहा दौंडकडची.

मंगळवार

पुण्याहून सकाळी सहाची एसटी घ्या. सातची घेतलीत तर वाघोलीतच तुमचा घाम निघेल. कोरेगावला वढूकडे जाणारी मंडळी उतरली, बस निम्मी रिकामी झाली आणि मला खिडकी मिळाली. मग शिक्रापूर, रांजणगाव, कंपन्यांच्या बसगाड्या, हिंदीत भांडणारे दोन वेल्डर, आणि नऊच्या आत शिरूर.

स्टँडवर गणेशदादा उभे होते, मोटरसायकलला टेकून. हे आमचे या भागातले फील्डचे माणूस, वय चाळिशीच्या आसपास, पोट त्याहून थोडं पुढं.

"म्याडम, मिसळ खाऊ. मग वावरं."

"नको, मी काकडी खाल्ली."

"काकडी?" त्यांनी माझ्याकडे डॉक्टर बघतात तसं बघितलं. "सरांनी सांगितलंय, म्याडमला चक्कर आली तर लगीच फोन कर. काकडीवर चक्कर येतीया बघा."

म्हणजे फोन यांच्या खिशात, आणि माझी फिरती त्या फोनात.

पहिलं घर आबांचं. झेंडू आणि शेवंतीचे शेतकरी. पोत्यांवर पाणी मारून फुलं थंड ठेवलेली, सगळ्या ओसरीला ओला वास. कांडीचे आकडे लिहून घेतले, आबांनी कांडीबद्दल चार तक्रारी केल्या, त्यातल्या तीन खऱ्या होत्या. अकरा वाजता निघायला उठले तर आबा म्हणाले, "असं कसं? जेवल्याबिगर न्हाई जायचं."

आतून त्यांच्या सूनबाई, "ताट वाढलंय व्हो ताई."

तुम्ही या भागात कधी गेला असाल तर 'थोडंच वाढा' या वाक्याला इथं काय किंमत आहे ते तुम्हाला माहीत असेल. अर्धी भाकरी म्हटलं की दीड येते. आणि माझ्या डोळ्यांपुढं ती शेडनेट. तोंडातून निघून गेलं, "माझा उपवास आहे."

अर्धं मिनिट मी फार हुशार होते.

"आवं मग आधी सांगायचं न्हाई का!" सूनबाई आत पळाल्या. वीस मिनिटांत समोर भगरीचा डोंगर, त्यावर शेंगदाण्याची आमटी, शेजारी तुपात परतलेला बटाट्याचा कीस, तळलेले पापड, आणि "उपाशी माणसाला जोर पायजे" म्हणून गुळाचा खडा.

मी खाल्लं. काय करणार? देवाचं म्हणून केलेलं ताट ढकलता येत नाही. आणि ते ढकलता येत नाही हे या पृथ्वीवरच्या प्रत्येक मराठी मुलीला माहीत असताना मी उपवास का म्हणाले, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

बाहेर आले तर गणेशदादा फोनवर. "व्हय, म्याडमचा उपास हाय. भिजत घाला, दोनपर्यंत येतो."

"काय भिजत घाला?"

"साबुदाना. पुढच्या घरी सांगून ठेवलं. ऐनवेळी त्यांची पळापळ नको."

मध्ये तीन वावरं झाली. दोनच्या घरी खिचडी. दही. केळी. शेंगदाण्याचा लाडू. मी हट्टानं म्हटलं, पुढच्या वावरापर्यंत गाडीवर येणार नाही, चालत येते. पाऊण तास बांधावरून चालले. पोटात साबुदाणा सिमेंटसारखा सेट होत होता. चारच्या सुमारास काकडीच्या शेडनेटमध्ये शिरले आणि दोन ओळींनंतर हिरवं सगळं काळं व्हायला लागलं. मी लोखंडी खांब धरला. तो तापलेला होता, त्या चटक्यानंच शुद्धीवर राहिले बहुतेक.

गणेशदादांनी फोन बाहेर काढलेला. "सरांना लावू का?"

"नको. प्लीज. बूट टोचतोय."

त्यांनी बुटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, फोन खिशात ठेवला. "उपास सोसत न्हाई तर धरू नये, म्याडम. देव काय पगार कापत न्हाई."

मुक्काम स्टँडजवळच्या लॉजवर. खोली सातआठशेला मिळते, कूलर मागून घ्या, खिडकी पश्चिमेची नको म्हणून सांगा. रात्रीचं जेवण मी टाळलं.

बुधवार

साडेपाचला उठून घोड नदीच्या पुलापर्यंत चालत गेले. तुम्ही जाल तेव्हा हा एक तास सोडू नका. मे महिन्यात शिरूरला एवढाच एक तास माणसासारखा असतो. पाणी आटून खडक वर आलेले, त्यांच्यामध्ये बगळे. परत येऊन लॉजच्या पायरीवर बसून फुटाणे खात होते तर गणेशदादा पंधरा मिनिटं आधीच हजर.

"म्याडम," ते हळूच म्हणाले, "उपासाला फुटाने चालत्यात?"

हात पुड्यात, पुडा मांडीवर. "आज बुधवार आहे ना. काल उपवास होता."

"आस्सं." मग डोकं खाजवत, "पण मी आज दुपारच्या घरी, आक्कांना, कालच सांगितलं, दोन दिवसांचा असंल म्हणून. साबुदाना भिजला आसंल आता."

भिजलेला साबुदाणा परत डब्यात जात नाही. मी पुड्याला गाठ मारली आणि मागच्या सीटवर बसले.

शिरूरहून न्हावऱ्यावरून भीमा ओलांडून दौंड तालुक्यात उतरायचं, मोटरसायकलवर सव्वा-दीड तास. नदी ओलांडली की सगळा ऊस. मध्येच गुऱ्हाळाचा वास येतो, गोड, जड, धुरकट. चौफुल्याला सोलापूर हायवे लागतो. उजवीकडे यवत, पुणं. डावीकडे आपण. ढाब्यांवर सकाळी नऊलाच रस्सा उकळत होता. मी नाक ओढणीत घातलं.

हायवेलगतची तीन वावरं उरकून आक्कांच्या घरी पोचलो तेव्हा बारा वाजत होते. आक्का म्हणजे पासष्टीच्या बाई, ऊस आणि अर्ध्या एकरात वांगी. मुलगा दौंडला रेल्वेत, तो ड्युटीवर, सून माहेरी. घरात त्या एकट्या. कडुलिंबाखाली बाज टाकून वाट बघत होत्या.

"ये पोरी. बुधवारचा कसला ग उपास तुझा? सोमवार ऐकलाय, गुरुवार ऐकलाय."

गणेशदादा आभाळाकडे बघायला लागले.

"नवसाचा," मी म्हटलं.

"लग्नाचा व्हय?"

"नाही हो! कामाचा. माझं फिरतीचं काम सुटू नये म्हणून."

आक्का उठल्या. आत जाऊन दोन ताटं घेऊन आल्या, खिचडीची. एक माझ्यापुढं, एक गणेशदादांपुढं. स्वतः उंबऱ्याला टेकून बसल्या. त्यांच्यामागं चुलीशेजारी एक पितळी झाकलेली होती, वर ताट पालथं.

"तुमचं जेवण?"

"ऱ्हाऊ दे. मी बी आज धरते. पाहुणी उपाशी आन् मी जेवू व्हय? सोबत हुईल तुला."

"मग खिचडी तरी घ्या."

"मला साबुदाना सोसत न्हाई. माझा कडक असतोय. पानी आन् च्या." आणि पदर खोचत म्हणाल्या, "खा तू. खाऊन वांग्यातनं फिरू. मला अजून दोन सऱ्या खुरपायच्यात."

एक्केचाळीस-बेचाळीस डिग्री ऊन. पासष्टीची बाई. रिकाम्या पोटी. माझ्या थापेच्या सोबतीला.

मी घास ताटात ठेवला. "आक्का, माझा उपवास नाही. कालही नव्हता. जास्त खाल्लं की मला उन्हात चक्कर येते. परत आली तर मला ऑफिसात बसवतील. कुणी आग्रह करू नये म्हणून मी खोटं सांगितलं."



"मला फुटान्यावरनंच कळलं हुतं," गणेशदादा ताटात बघून म्हणाले.

"कळलं हुतं आन् मूग गिळून बसलास व्हय रं?" आक्का त्यांच्यावर उसळल्या. "मी पहाटं उठून दाने कुटलं!" आणि मग त्या हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर. "आगं येडे, पोट मोकळं ठेवायचं त्याला उपास न्हाई म्हनत. लंघन म्हनत्यात. लंघन हाय म्हन, कोन शीत वाढनार न्हाई तुला. लंघनाला आग्रह करत न्हाईत."

"पण लंघन आजारी माणसाचं ना?"

"आजारी पडायच्या आधी धरलं तर कोन पोलिसात देतंय?"

त्यांनी माझ्यापुढचं ताट उचलून गणेशदादांच्या ताटात पालथं केलं (त्यांनी आपलं ताट जरा पुढं सरकवलं, हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते) आणि ती झाकलेली पितळी माझ्यापुढं सरकवली. ज्वारीच्या कण्या, ताक घालून कालवलेल्या, वर जिऱ्याची पूड, बाजूला कांदा. थंडगार. एवढीशी.

"उन्हाळ्यात आमी हेच खातो. पावन्यांना कसं द्यायचं म्हून झाकून ठेवलं हुतं."

मी दोन दिवस जे शोधत होते ते चुलीशेजारी झाकलेलं होतं. पाहुणीला शोभत नाही म्हणून.

खाऊन उठले तर पोट आहे की नाही कळत नव्हतं. वांगी झाली, मग पुढची दोन उसाची वावरं. पाचटातून, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्यातून, चालताना पायाला चरचरतं, पूर्ण पँट घाला, सँडल घालू नका. दर अर्ध्या तासानं लिंबू-मीठ-पाण्याचे चार घोट. साडेतीनला, ऐन भट्टीत, शेवटच्या वावराच्या टोकाला मी कांडी रोवत होते तेव्हा मागं फोन वाजला.

"हां सर. म्याडम?" गणेशदादांचा आवाज धापा टाकत होता. दोन ताटं खिचडी. "म्याडम पुढं गेल्यात सर. लई पुढं. मीच मागं ऱ्हायलोय, जरा बसलोय बांधावर."

बारावा आकडा लिहिला.

निरोप घ्यायला परत आक्कांकडे गेलो. त्या खुरपं धुत होत्या. शेजारी कोऱ्या चहाची कपबशी, बाकी काही नाही.

"आक्का, अजून जेवला नाहीत?"

"धरलाय तो मोडायचा कशाला?"

"पण माझा नवस खोटा होता."

"नवस खोटा. मागनं खरं हाय न्हवं?" त्यांनी चहा बशीत ओतला. "मग झालं की."

मी त्यांचा नंबर मागून घेतला.

गुरुवार

रात्री दौंडला मुक्काम केला होता. कांडी विकणाऱ्या दुकानदारांच्या मुलाखती दोनच होत्या. गाडीला वेळ होता म्हणून रेल्वे कॉलनीतल्या झाडांखाली तासभर फिरले. दौंडची ही सावली फुकट आहे, वापरा. स्टेशनबाहेर उसाचा रस नको, मठ्ठा घ्या. डेमू लोकलचं तिकीट एका वडापाव-चहाच्या पैशांत येतं, पुण्यापर्यंत दीड-दोन तास. बसायला जागा मिळाली तरी मी दारापासच्या मोकळ्या जागेत येरझाऱ्या घालत आले. एका काकूंनी विचारलं, "काही हरवलंय का?"

घरी आल्यावर वजन केलं नाही. कण्या मात्र दोनदा केल्या, दोन्ही वेळा गिचगिचीत गोळा झाला. पाणी किती, हे आक्कांना विचारायचं राहून गेलं होतं. 'लंघन' हा शब्द आईवर वापरून बघितला. तिनं तिसरी पोळी वाढणारा हात जागच्या जागी थांबवला. आयुष्यात पहिल्यांदा.

सोमवारी सरांनी बारा आकडे बघितले, पुढच्या महिन्याच्या तक्त्यात माझ्या नावापुढं इंदापूर लिहिलं. मी जिन्यात जाऊन आक्कांना फोन लावला.

"फिरती राहिली, आक्का. पुढच्या महिन्यात इंदापूर."

"म्हंजी पावला की बुधवार." पलीकडे भांड्यांचा आवाज. "मग आता फेडायला यायला लागतंय."

"काय फेडायला?"

"नवस! उपास मी धरला, मागनं तुझं. फेडायचा तूच. पुरनाच्या पोळ्या करते, चार तरी खायच्या. आन् ऐक, लंघन-बिंघन सांगितलंस तर दारातनं माघारी धाडीन."

मी जिन्यात उभ्या उभ्या दौंडच्या डेमूच्या वेळा बघतेय. बुधवारी सकाळची एक आहे. मंगळवारी काही खाणार नाही.