काचेआडचं शिक्षण

वैद्यकीय महाविद्यालयाच्या मोठ्या सभागृहात मागच्या बाजूला काचेची एक खोली आहे. आत प्रोजेक्टर, वायरींचं जंजाळ, एक कुरकुरणारी खुर्ची आणि खुर्चीत ऑपरेटर. त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावर असतं, तोंडी कुणी घेत नाही. ‘ऑपरेटर’ ऐकून एखादा नवखा विद्यार्थी त्याला सर्जन समजतो आणि अदबीने नमस्कार करतो. तोही गंभीर चेहऱ्याने नमस्कार परत करतो.

मानसोपचार विभागाच्या मॅडम दर बुधवारी सिनेमातले तुकडे दाखवून शिकवतात. काचेच्या आत हेडफोनमधून फक्त सिनेमाचा आवाज येतो. मॅडमचा माइक वेगळ्या वायरीने थेट सभागृहातल्या स्पीकरना जोडलेला. त्यामुळे या दोघांचा व्यवहार खुणांचा. मॅडमनी तळहात वर केला की चित्र थांबवायचं, बोट गोल फिरवलं की मागे न्यायचं, हात झटकला की पुढे. चित्र थांबलं की मॅडमचे ओठ हलतात, पोरं माना डोलावतात आणि अधूनमधून हसतात. त्या हसण्याचा ऑपरेटरला राग यायचा. दुसऱ्याच्या दुखण्याला दात काढणारी ही पोरं उद्या डॉक्टर होणार!

तुकडे मात्र त्याला पाठ झाले होते. बाई आरशासमोर केस विंचरते, व्हायोलिन वाजू लागतं, बाई कात्री मागते. माणूस एकटाच हसतो आणि मग दिव्याची काच फोडतो. वेड लागलेल्या तरुणाच्या कानशिलात बाप एक ठेवून देतो आणि तो शहाणा होतो. शेवटी नेहमी तो कंटाळवाणा तुकडा: एक माणूस टेबलाशी बसलाय, समोर चहा, चहा गार होतो, बस्स. यात संगीतही नाही. मॅडमनी हा चुकून घातला असावा, असं त्याचं मत होतं.

इथवर सगळं ठीक होतं. मग इस्पितळातून ताई घरी आली.

ताई त्याच्याहून मोठी. शिवणकामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मध्येच तिला नसलेली माणसं बोलताना ऐकू यायला लागली, काम सुटलं, नवरा आधीच सुटला होता. उपचारांनी आवाज बसले. डॉक्टरांनी गोळ्या आणि तपासणीची तारीख देऊन घरी सोडलं. ती मागच्या खोलीत राहू लागली आणि ऑपरेटरने आपलं शिक्षण कामी आणलं. आरसा काढला. सुऱ्या, कात्र्या, काटे स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. किल्ली स्वतःच्या खिशात. ताई रेडिओ ऐकून हसली की हा उठून दिवे बघायचा.

“अहो, वन्संना घरात ठेवलंय की पडद्यावर?” बायकोने एकदा विचारलंच.

“तुला यातलं काही कळत नाही. मी दर बुधवारी बघतो.”

“तुम्ही बघता. त्या राहतात.”

मंगळवारी सकाळी ताई बायकोच्या छोट्या आरशासमोर केस विंचरताना दिसली. ओठ हलत होते. त्याला पाहून म्हणाली, “अरे धाकट्या, कात्री कुठेय? पडदा कापायचाय.”

आरसा, कंगवा, कात्री. क्रमसुद्धा चुकला नव्हता. व्हायोलिन तेवढं राहिलं होतं, ते त्याच्या छातीत वाजू लागलं.

गावाबाहेर अशा रुग्णांना कायमचं ठेवून घेणारी एक संस्था होती. तिथे एक जागा रिकामी झाली होती, बुधवारी संध्याकाळपर्यंत कळवा म्हणाले होते. वर डॉक्टरची चिठ्ठी हवी. चिठ्ठी मॅडमकडून घ्यायची आणि फोन करून टाकायचा, असं ठरवूनच तो बुधवारी कामावर गेला.

त्या दिवशी काचेच्या खोलीतली वीज गेलेली होती. प्रोजेक्टर उचलून सभागृहातच मांडावा लागला. ऑपरेटर पहिल्या रांगेच्या कडेला बसला, मॅडमपासून दोन हातांवर. आरशाचा तुकडा लागला. व्हायोलिन सुरू झालं. तळहात वर गेला, त्याने थांबवलं. आणि आजवर फक्त हलणारे ते ओठ पहिल्यांदा बोलले.

“हे का दाखवतेय मी? कारण यात खरे असे फक्त केस आहेत.”

पोरं हसली. ऑपरेटर हसला नाही, कारण त्याला विनोद कळला नाही.

मॅडम पुढे बोलत राहिल्या. आजारी माणूस दुसऱ्यावर धावून जाईल ही भीती सिनेमाने वाढवली. बहुतेकांच्या बाबतीत ती खोटी, उलट मार खाणारे तेच जास्त. कानशिलात मारून कुणी बरं होत नाही. काच फोडणाऱ्याचं हसणं दिग्दर्शकाचं, आजाराचं नव्हे. एकेक तुकडा आला आणि एकेक उलटा झाला. शेवटी गार होणारा चहा लागला, आणि मॅडम म्हणाल्या, “हा नीट बघा. असं असतं.”

तास संपला. ऑपरेटर वायर गुंडाळत होता, पण ती हातात उलगडतच होती.

“मॅडम, मग आधीचे सगळे चुकीचे?”

“सगळेच नाही. काही अर्धे बरोबर आहेत.”

“कुठले अर्धे?”

मॅडम हसल्या. “इतकी वर्षं चालवताय, तुम्हालाच जास्त पाठ असतील. काही काम होतं का?”

“चिठ्ठी हवी होती.”

“कसली?”

त्याने तोंड उघडलं. सकाळी तयार केलेलं वाक्य तिथे नव्हतं. “सांगतो नंतर,” तो म्हणाला.

घरी जाताना तो डोक्यातल्या डोक्यात बोट गोल फिरवत राहिला. आरसा खोटा असेल तर कात्री खरी कशावरून? कात्री खोटी असेल तर हलणारे ओठ? आणि खोटं ते सगळं बघायला इतकं खरं, तर खऱ्यात बघायचं काय? वळण चुकून तो दुसऱ्याच गल्लीत शिरला.

घरी ताई स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. समोर चहा. वाफ नव्हती. ती कपाकडे बघत होती.

ऑपरेटर दारातच गार पडला. आत्ताच तर मॅडम म्हणाल्या, असं असतं! पायातल्या चपला न काढता तो नीट बघू लागला. एक मिनिट गेलं असेल, की जास्त.

“काय रे, भूत बघितल्यासारखा?” ताई म्हणाली.

“चहा गार झालाय तुझा.”

“होणारच. साखर नाही त्यात.”

“मग घ्यायची ना!”

“कुठून? डबा तुझ्या कुलुपात. बायको तुझी बाहेर गेलीय. किल्ली घेऊन स्वारी कामावर. सुऱ्यांच्या जोडीला साखरेलाही कोंडलंस, आता मुंग्यांनी तरी काय करायचं?”

त्याने कपाट उघडलं. साखरेचा डबा सुऱ्यांच्या मागे होता, त्याच्या शेजारी कात्री. त्याने डबा काढला. कात्रीवर हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

“ताई, काल आरशासमोर काय पुटपुटत होतीस?”

“मापं. खोलीतला पडदा जमिनीवर लोळतोय, पायात येतो. किती दुमडायचा ते मोजत होते. तोंडाने मोजल्याशिवाय मला शिवता आलंय का कधी?”

नव्हतं आलं. लहानपणी तिच्या पुटपुटण्यावर हाच तिला चिडवायचा. हे त्याला आठवलं, पण त्यामुळे सुटल्यासारखं काही वाटेना. आवाजांच्या दिवसांतही ती पुटपुटतच होती. दोन्ही पुटपुटणी बाहेरून सारखीच दिसत होती.

“वेगळं कसं ओळखायचं मी?” तो चिडूनच म्हणाला.

“आत्ता विचारलंस तसं,” ताई म्हणाली. “घाल साखर.”

तो चमच्याने साखर घालू लागला. ताईने तळहात वर केला. चमचा हवेत थांबला. सवयीने तो पुढच्या खुणेची वाट बघत उभा राहिला.

“अरे, बास म्हटलं की ठेवायचा डबा. पुतळा काय होतोस?”

संस्थेला फोन त्याने केला नाही. नको म्हणून नव्हे. काय सांगायचं तेच कळेना म्हणून. संध्याकाळ झाली, जागा दुसऱ्या कुणाला गेली असणार. ताईने त्याला स्टुलावर चढवलं, पडदा काढायला लावला आणि जमिनीवर पसरला. तो काठ धरून बसला. ती पुटपुटत कात्री चालवत होती, आणि ऑपरेटर कधी कात्रीकडे बघत होता, कधी तिच्या ओठांकडे.

“सरळ धर,” ताई म्हणाली. “तुझ्यामुळे वाकडा जाईल.”