अंजनीवहिनीनं चंद्रीला उठवलं

अंजनीवहिनीला लोक हट्टी म्हणत. म्हणोत बापडे. मी तिच्या शेजारच्या क्वार्टरात राहिले, मला विचारा.

पासष्ट सालची लढाई चालू होती. जबलपूरला आमच्या तोफांच्या कारखान्यात पाळी संपली तरी माणसं घरी येत नव्हती. त्यातच सदर बाजाराच्या रस्त्यावर एका ट्रकनं वहिनीच्या गाईला, चंद्रीला, उडवलं. मागचा पुठ्ठा फाटला. गाय बसली ती उठेचना. लोकांनी हातगाड्यावर घालून अंगणात आणली. क्वार्टरांचा इन्स्पेक्टर नाकाला रुमाल लावून म्हणाला, "सोमवार तक खड़ी नहीं हुई तो गाड़ी भेजूँगा." ती गाडी जनावरं गावाबाहेरच्या माळावर टाकून येई. तिथून कोणी परतलं नव्हतं.

"काहून नेईल? त्याच्या बापाची गाय आहे का?" म्हणत वहिनी कामाला लागली. निंबाचा पाला उकळलेल्या पाण्यानं जखम धुवायची, हळद-तेल भरायचं, कूस बदलायची. पण बसून राहिलेली गाय जगत नाही, तिला आधार देऊन उभी करावीच लागते. वहिनीनं अंगणातल्या निंबाच्या फांदीला विहिरीची कप्पी बांधली. दोर पोटाखालून घेऊन ओढला, तर तो कातडीत रुतला आणि चंद्री कळवळून हंबरली. वहिनी तिथंच मटकन बसून रडली.

तिचे यजमान, गुणवंतभावजी, कामावरून येऊन चहा पीत होते. सहज बोलून गेले, "अगं, तोफेची नळीसुद्धा आम्ही नुसत्या दोरानं उचलत नाही. रुंद पट्टा लागतो."

झालं. वहिनीनं त्यांच्या खाटेची नवार, ती रुंद सुती पट्टी, उसवली आणि चंद्रीच्या पोटाखालून घेतली. भावजी बिचारे जमिनीवर आले. पण त्यांच्याच पाळीतली माणसं काळ्या हातांनी रोज येऊन कप्पी ओढू लागली.

सोमवारी इन्स्पेक्टर गाडी घेऊन हजर. चंद्री पट्ट्यात उभी होती. तो हसला. "ये खड़ी है? ये तो लटकी है."

वहिनीनं सगळ्यांदेखत गाठ सोडली. चंद्री डुलली, गुडघ्यांवर आली, बसली. गाडीवान पुढं सरकला, तशी वहिनी आडवी आली. "हात लावून तर दाखव."

मग गाईची जात उठते तसं चंद्रीनं आधी मागलं अंग उचललं. तेच, फाटलेलं. थरथरत उचललं, आणि मग पुढचे पाय रोवले.

इन्स्पेक्टर सायकलकडे वळला. वहिनी गाडीवानाला म्हणाली, "भैया, गाड़ी ले ही आए हो तो बाज़ार से कडबा डाल जाओ. हिला भूक लागून राहिली."