पोलादपूरचं सफरचंद, काकांचा कोयता आणि आत्याची बकरी

आधी दुरुस्ती. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की पोलादपूरच्या डोंगरात सफरचंद ऑगस्टमध्ये पिकतं. चूक. आत्याच्या परसातलं झाड ‘अ‍ॅना’ जातीचं आहे. थोड्याशा थंडीवर भागवणारं आणि मेअखेरीलाच पिकणारं. माझ्या भरवशावर कुणी ऑगस्टमध्ये गेलं असेल तर त्यांना चिखल तेवढा मिळाला असेल. क्षमस्व. माझी पहिली शाळा म्हणजे घरी आईच. चूक तशीच ठेवली तर ती अजूनही जेवताना उलटतपासणी घेते.

म्हणून यंदा मे संपता संपता स्वतः गेले. वीर स्टेशनवरून महाडला रिक्षा करा. भाडं आधी ठरवा, बसल्यावर ठरवणं म्हणजे हरणं. पुढे पोलादपूरची एसटी. एमआयडीसीची पाळी सुटताना स्टँडवर पोचलात तर उभ्याने जाल. मी गेले. पोलादपूरला झणझणीत मिसळ खाऊन वाडीची जीप धरली. ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली की नाही हे चालकाच्या मनावर.

झाड आत्याने हौसेने लावलंय. वाडी तिला ‘काश्मीरवाली’ म्हणून चिडवते, कारण इतक्या वर्षांत एक फळ नाही. तिचे यजमान, म्हणजे काका, दरसाल झाडाला कोयता दाखवतात. न धरणाऱ्या झाडाला असंच भिववायचं. मग आत्याने मध्ये पडून म्हणायचं, थांबा, पुढल्या साली धरील. यंदा मात्र काकांनी कोयत्याला खरोखरच धार लावली होती. त्यांना तिथे काजू हवाय.

आत्याने मला हळूच झाडाजवळ नेलं. खालच्या फांदीला जुनी साडी गुंडाळली होती. काकांची समजूत, माकडांना भिववायला असेल. तिने साडी सोडली. आत लालसर गालांची सफरचंदं.

काका मागून आलेच. “बघ, कोयत्याला भ्यालं.”

“एकच फांदी भ्याली?” आत्या म्हणाली. “दत्तजयंतीला मी पोळ्या लाटत होते, बकरी सुटली नि या फांदीचा सगळा पाला खाल्लान. तिथंच फुलं आली.”

थंड मुलखात हे झाड आपली पानं आपणच गाळून झोपतं आणि जागं झालं की फुलतं. आपल्या उबेत त्याला झोपच लागत नाही, म्हणून हिवाळ्यात पानं हाताने काढावी लागतात. हे मी वाचलं होतं. बकरीने न वाचताच केलं. जवळ दुसऱ्या जातीचं सफरचंद असलं तर फळ जास्त धरतं, हेही मी सांगितलं.

काका म्हणाले, “एकाचाच निकाल लागत नाय, नि ही दुसरं सांगते. शिमग्यापर्यंत थांबतो गो. अख्ख्या झाडाव फूल दिसलं नाय, तर होळीत घालतो.”

एक फळ घरी आणलं. आंबटगोड, रसाळ, पण ही जात टिकत नाही, हातात आलं की खा. आईने अर्धं खाल्लं आणि विचारलं, वरच्या फांद्यांचं काय? आत्याला शिडी चढवत नाही, काका चढणार नाहीत आणि बकरीची मान खालपर्यंतच पोचते.

वरची पानं काढायला मी जातेय. दत्तजयंतीच्या दिवशी.