भासऱ्यांचा कोट

माझ्या भासऱ्यांनी जन्मभरात जेवढा साबण आणि जेवढी तुरटी घालवली, तेवढ्यात सगळ्या अमरावतीची धुणी निघाली असती आणि सगळ्या अकोल्याच्या दाढ्या झाल्या असत्या. भासरे म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. माझा त्यांच्यावरचा राग मात्र जागचा हललेला नाही, आणि तो का हलला नाही तेच सांगणार आहे.

गोष्ट साठ सालाच्या आगेमागेची. भासरे अकोल्याला एका जिनात कापसाच्या गाठींवर टाकायच्या ताडपत्र्या शिवायचे. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. शनिवारी संध्याकाळच्या मोटारीने काखेत चिंध्यांचं गाठोडं घेऊन ते अमरावतीला आमच्याकडे यायचे आणि सोमवारी सकाळी जायचे. मधल्या एका रविवारात घराची अशी दशा करायचे की पुढचे सहा दिवस मी आवरतच असे. त्यातून आमच्यात धाकट्या सुनेने भासऱ्यांशी बोलायचं नाही, त्यांनीही तिच्याकडे बघायचं नाही. मग बोलायचं कोणाशी? तर स्वयंपाकघराच्या दाराशी एक सागवानी खांब होता, त्याच्याशी. मी पदर पुढे ओढून म्हणायची, "खांबा, ताट वाढलं आहे." ते माझ्याकडे पाठ करून म्हणायचे, "खांबा, जरा ठेचा असता तं बरं झालं असतं." भांडणंही त्याच वाटेने. "खांबा, माह्या चुलीवर साबणाचं पाणी कोणं ठेवलं?" "खांबा, पाच मिनिटं धीर धर म्हणा तिले." त्यांची पाच मिनिटं म्हणजे अख्खी दुपार. सासू कोपऱ्यात बसून म्हणायची, "तुमच्या दोघांपायी त्या खांबाले वाळवी लागन एखाद दिवस."

या साबणामागे कारण होतं ते माझा नवरा. तो तारखात्यात लाइनमन. तारा तुटतात त्या पावसातच, तेव्हा बाकीचं जग घरात बसलं की हा सायकल काढायचा. खात्याने रबरी कोट दिला होता. त्यातून बाहेरचा थेंब आत जात नसे, पण पोलवर चढउतार करून सुटलेला घामही बाहेर येत नसे. घरी येऊन कोट काढला की आतली बंडी पिळून घ्यावी लागायची. छाती लहानपणापासूनची नाजूक. दर पावसाळ्यात दोनदा ताप ठरलेला. त्या वर्षी डॉक्टरने सांगितलं, आणखी एकदा छाती भरली तर पोलवर चढणं सोडा. आणि वरचा साहेब म्हणाला, पोलवर न चढणारा लाइनमन मी काय करू? बापामागे भासऱ्यांनी या भावाला खांद्यावर घेऊन वाढवलं होतं. त्यांनी मनावर घेतलं की, पाऊस आत सोडणार नाही आणि घाम आत कोंडणार नाही, असा कोट आपण करायचा. यात वाईट काहीच नव्हतं. मला राग आला तो त्यांच्या तऱ्हेचा.

आधी त्यांनी जवसाचं तेल धरलं. तेल पाजलेलं कापड मे महिन्यात माझ्या दोरीवर वाळत टाकलं. ते महिनाभर चिकटच राहिलं आणि माझं नवं लुगडं त्याला जे लागलं ते सोडवताना फाटलं. मग मधाच्या पोळ्याचं मेण आलं. ते कोपराशी तडकायचं, आणि उन्हात वितळून बाजेवर सांडायचं. तरी दोन्ही कापडं रबरासारखीच, आत घाम साचायचाच. शेवटी एका रविवारी ते खांबाला म्हणाले, "खांबा, आपण उल्टंच करून राहिलो होतो. भोकं बुजवली की घाम कुठून जाईन? भोकं राहू द्याची. धाग्यालेच पाण्याची शिसारी आणाची." त्यासाठी कापड आधी साबणाच्या कढत पाण्यात भिजवायचं, पिळायचं, मग तुरटीच्या पाण्यात बुडवायचं. साबण आणि तुरटी मिळून धाग्यात एक पांढरा चिकट थर धरतो, तो मग पाण्याला जवळ येऊ देत नाही. पाण्याचा थेंब मोठा, तो भोकाशी अडून राहतो. घामाची वाफ बारीक, ती निघून जाते. हे मला चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला कळलं, पण माझी उशीची खोळ, सासूची पिशवी आणि नवऱ्याचा अंग पुसायचा पंचा यांवरच ते करून बघायचं काय नडलं होतं ते आजवर कळलं नाही. सोमवारी नवरा आंघोळ करून त्या पंच्याने अंग पुसत राहिला. पाणी टिपायचं सोडून इकडचं तिकडे सरकत होतं. तो तसाच निथळत कामावर गेला आणि भासरे ओट्यावर उभे राहून आनंदाने ओरडले, "खांबा, जमलं!"

पुढच्या रविवारी त्यांनी सासूला पुरावा दाखवला. कापड वाडग्यावर सैल बांधून वर पाणी ओतलं, तर ते अळूच्या पानावर राहतं तसं राहिलं. तेच कापड वाळवून आधणाच्या पातेल्यावर धरलं आणि वर पितळी ताट, तर ताटाला घाम फुटला. सासू म्हणाली, "बापू, हे तं जादूच आहे." मी रागाने फणफणत होतेच. पुन्हा कापड बांधून पाणी ओतलेल्या वाडग्याजवळून जाता जाता मी सैल कडेतून बोट घालून कापडाला खालून लावलं. जिथे लावलं तिथून धार लागली. भासरे खांबाला म्हणाले, "खांबा, ज्यानं बोट लावलं त्याले म्हणा, आता कळलं मले याचं दुखणं."

आतून अंग टेकलं तरी धार लागू नये म्हणून दाट विणीचं खाकी कापड घेतलं, त्याचा कोट तयार झाला तो जुलैत. त्या खेपेला भासरे शनिवारऐवजी रविवारी कोट घेऊन आले. नवरा कामावर होता आणि सासू रिद्धपूरला गेली होती. त्यांनी कोट खुंटीला लावला आणि नेहमीसारखी पाठ करून खांबाला सगळं सांगितलं, हा धुवायचा नाही, सोड्यात तर मुळीच नाही, सोड्याने धाग्यातलं सगळं निघून जातं. हे मला मागाहून कळलं. मी त्या वेळी कोपऱ्यावरच्या नळावर पाण्याच्या रांगेत उभी होते. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. बघायचंच नव्हतं ना!

दोन आठवडे नवरा पावसातून कोरडा आला. मी बंडीला हात लावून बघायची. कोरडी. मग कोटाला डांबर लागलं, चिखल लागला, वास यायला लागला. घरची बाई करते ते मी केलं. सोडा टाकून उकळला, दगडावर आपटला, लखलखीत करून वाळवला. तिसऱ्या दिवशी बडनेऱ्याकडे वादळात तारा पडल्या. नवरा माझा स्वच्छ कोट घालून गेला आणि हाडापर्यंत भिजून आला. रात्री ताप, सकाळी सरकारी दवाखाना, छाती भरलेली.

भासरे अकोल्याहून आले ते आधी दवाखान्यात खाटेपाशी बसले आणि मग घरी आले. त्यांनी कोटाची बाही चुरगळली, नाकाशी धरली आणि समजले. मी दाराआड उभी. मला वाटलं आता बोलतील. बोलावं असंच मला वाटत होतं. ते म्हणाले, "खांबा, चुकी माही आहे. ती घरात आहे का नाही, तेही म्या पाह्यलं नाही."

मग माझा तोल गेला. पदर डोक्यावर होता का पडला, आठवत नाही. "खांबाले काहून सांगता? खांब कोट धुते? खांबाचा नवरा दवाखान्यात आहे? मी इथं उभी आहो. तोंड इकडे करा न मले सांगा!"

सासूने तोंडात पदर कोंबला. भासरे हळूच वळले. दहा वर्षं एका घरात जेवणाऱ्या माणसाचं तोंड मी तेव्हा पहिल्यांदा समोरून बघितलं. डोळे रडून सुजलेले होते. म्हणाले, "साबण किसून घे, बाई. आधन जास्त कढू देजो नको."

कोट पुन्हा केला तो मी, माझ्या हाताने. नवरा सतरा दिवसांनी घरी आला आणि तोच कोट घालून पुढे पोलवर चढला. दर मृगाआधी मी कोट साबणात आणि तुरटीत काढायची, आणि भासरे समोर बसून चुका काढायचे. मी कोट पिळला की म्हणायचे, "हे काय पियलं? जोर नाही का हातात?" "तुमीच पिया मंग, भाऊजी." एकदाही ठीक झालं म्हणाले नाहीत.

एकदा मी पाण्याला निघाले आणि डोक्यावर घागरीखाली ठेवायची चुंबळ विसरली म्हणून दारापर्यंत मागे आले. भासरे कोटाच्या बाहीवर लोट्याने पाणी सोडून बघत होते. थेंब घरंगळून खाली पडत होते. मी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी खांबावर हात ठेवला आणि म्हणाले, "खांबा, माह्याच्यानं असा कोट झाला नसता."

मी चुंबळ न घेताच नळावर गेले. पुढे किती पावसाळे ते माझ्यासमोर बसले, माझ्याशी बोलले, भांडले. पण ते वाक्य खांबालाच सांगितलं. मला सांगितलं असतं तर काय झालं असतं? आणि मी तरी तेव्हा दारातून आत का गेले नाही, हे आता विचारायला तो खांबही राहिलेला नाही.