झूमभाऊ आणि ताईचा रोल

झूमभाऊंकडे एकशे बारा कॅमेरे होते आणि त्यांतला एकही कोणाला हेवा वाटावा असा नव्हता. चामडी पट्ट्याचे, पितळी कड्यांचे, काचेच्या कपाटात दिवा लावून ठेवावेत असे कॅमेरे जमवणारे लोक नाशकात आहेत. त्यांच्या घरी गेलं की आधी चहा येतो आणि मग कॅमेऱ्याची वंशावळ. भाऊंचा संग्रह म्हणजे साबणाच्या वडीपेक्षा थोडे मोठे, प्लॅस्टिकचे, रोलवाले कॅमेरे. बटण दाबलं की घुर्र आवाज करत लेन्स कासवाच्या मानेसारखी बाहेर येणार, दुसरं बटण दाबलं की आणखी पुढे येणार. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ज्या घरात असा कॅमेरा असे त्या घराला गल्लीत वजन असे; बारशाला, सहलीला शेजारी तो मागून नेत. मग मोबाइल आला. कॅमेरे माळ्यावर गेले, माळ्यावरून भंगारात आणि भंगारातून भाऊंकडे.

ज्या कॅमेऱ्याला झूम नाही त्याला भाऊ कॅमेरा म्हणतच नसत. ‘ती डबी,’ ते म्हणत. ‘डबीला दिसतं तेवढंच दिसतं. याला जवळ जायची इच्छा असते.’ हे ते इतक्या गंभीरपणे सांगत की ऐकणारा क्षणभर आपल्या हातातल्या प्लॅस्टिककडे आदराने बघे. मीही बघितलं होतं. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला माणूस; इच्छा असलेल्या निर्जीव वस्तूंशी माझा पूर्वीपासून संबंध होताच. इंदिरानगरात आमची घरं समोरासमोर. मी त्यांना भाऊ म्हणायचो, ते मला ‘ग्रंथपाल’ म्हणत. नुसतं ग्रंथपाल, साहेब नाही, सर नाही. खात्यात आयुष्य गेल्यामुळे साहेब हा शब्द त्यांना जरा कडूच लागे.

भाऊ पाटबंधारे खात्यात आरेखक होते. कालव्यांचे आणि पाटांचे नकाशे काढण्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली. त्यामुळे प्रत्येक कॅमेऱ्याला दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी असे आणि तिच्यावर नकाशावर असतात तशी सुबक, ताठ अक्षरं. ‘सिन्नर, जीपस्टँडमागचं भंगार दुकान. आधीचे मालक शिक्षक. फ्लॅश चालतो, पण मनात आलं तर.’ दुसऱ्या एकावर होतं, ‘बुधवारचा बाजार, गोदाघाट. लेन्स अर्धीच बाहेर येते. लाजाळू.’ मी एकदा म्हटलं, ‘भाऊ, ही नोंद आहे की गोपनीय अहवाल?’ ते म्हणाले, ‘माझा गोपनीय अहवाल साहेबांनी कधी इतक्या आपुलकीने लिहिला नाही.’

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी हजेरी असे. हा त्यांचा शब्द. कॅमेरा नुसता पडून राहिला की आतलं वंगण वाळतं, लेन्स अडकते, पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते. म्हणून एकेक कॅमेरा खाली उतरवायचा, बॅटरी घालायची, चालू करायचा, लेन्स पूर्ण पुढे, पूर्ण मागे, एकदा बटण, मग बंद, आणि बॅटरी काढून पुढच्याला. भाऊ गावाच्या नावाने पुकारा करत. ‘निफाड!’ घुर्र. ‘सिन्नर!’ घुर्र. एखादा गप्प राहिला की ‘रजेवर’ असा शेरा पडे. तीन महिने गप्प राहिला की निवृत्त. सेवेतून कमी केलेला मात्र कोणीच नव्हता. चिठ्ठ्या वाचून पुकारा देणं माझ्याकडे आणि दुसरा चहा वैशालीकडे. वैशाली म्हणजे भाऊंची मुलगी, शाळेत शिक्षिका. ती ट्रे ठेवताना म्हणे, ‘चला, दोन म्हातारे आणि शंभर बहिरे.’

सगळ्यांत वरच्या फळीवर एकच कॅमेरा असे. हजेरीत भाऊ त्याच्याकडे मान वर करून ‘ताई’ म्हणत आणि स्वतःच ‘हजर’ म्हणत. तो खाली उतरत नसे.

ताई म्हणजे भाऊंची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिने भाऊंना शिकवलं. पुढे भाऊंची बायको गेली, तेव्हा तिने वैशालीला वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. निफाडच्या सरकारी दवाखान्यात ती नर्स होती आणि भाऊंच्या म्हणण्याप्रमाणे डॉक्टरही तिला घाबरत. निवृत्त झाल्यावर तिने स्वतःसाठी आयुष्यात पहिल्यांदा काही घेतलं असेल तर तो हा कॅमेरा. भाऊंना झूमचं वेड तिच्यामुळेच लागलं. बारा वर्षांपूर्वी ती अचानक गेली तेव्हा कॅमेऱ्यात रोल होता. बावीस फोटो काढलेले, चौदा उरलेले. भाऊंनी तो कधी धुवायला टाकला नाही.

मी एकदाच विचारलं. म्हणालो, ‘रोल जुना होतोय भाऊ. रंग उडतील. आत काय आहे ते बघावंसं वाटत नाही?’

ते बराच वेळ एका लेन्सची काच पुसत राहिले. मग म्हणाले, ‘ताईचं सगळं बघून झालंय, ग्रंथपाल. साड्या वाटल्या, ट्रंक उघडली, पत्रं वाचली. एवढं एकच बघायचं बाकी आहे. तेही बघितलं तर मग काय राहिलं?’ मग कॅमेरा खाली ठेवत, ‘एक फोटो मी काढलाय तिचा. शेवटचा. तिला फोटो काढून घ्यायचा लय कंटाळा. घरात तिचा धड फोटो नाही. तो तेवढा आहे आत.’

गेल्या वर्षी शहरातल्या एका छायाचित्रण मंडळाने जुन्या कॅमेऱ्यांचं प्रदर्शन भरवलं. मंडळाचे अध्यक्ष तरुण होते आणि जाकीट घालत. भाऊंचा संग्रह बघायला ते घरी आले, एकशे बारा कॅमेऱ्यांवरून त्यांची नजर फिरली आणि त्यांचा चेहरा पडला. ‘काका, यात व्हिंटेज असं काय आहे?’

‘तुमच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो कशावर काढलेले?’ भाऊंनी विचारलं.

‘असल्याच एखाद्या कॅमेऱ्यावर असतील.’

‘मग तुम्हीच व्हिंटेज.’

तरी त्यांनी आम्हाला टेबल दिलं. हॉलच्या टोकाला, चहाच्या शेजारी. कॅमेरे खोक्यांत भरण्याचं काम मी मागून घेतलं. भाऊंनी मधल्या दोन फळ्या सांगितल्या होत्या. मी कामाच्या भरात फळी रिकामी करत वर गेलो आणि हाताला लागेल ते कापडात गुंडाळत गेलो. वरचा कॅमेरा तेव्हाच खाली आला. मला ते कळलंसुद्धा नाही, हे सांगायला आजही बरं वाटत नाही. आयुष्यभर इतरांना पुस्तकं जागच्या जागी ठेवायला सांगणाऱ्या माणसाच्या हातून हे झालं.

प्रदर्शनाचं उद्घाटन थाटात झालं. समई तीनदा लावली, कारण पहिल्या दोन वेळचा फोटो नीट आला नव्हता. शाली झाल्या, नारळ झाले. प्रमुख पाहुण्यांनी वारशावर भाषण केलं आणि मग ते एकेक टेबल बघत निघाले. भाऊ नेमके चहा आणायला गेलेले. मी मनात पाहुण्यांच्या भाषणातल्या चुका मोजत उभा होतो. पण ते आमच्या टेबलाशी आले, मागे व्हिडिओवाला त्याचा दिवा घेऊन आला, आणि पाहुणे म्हणाले, ‘हे आतून कसे असतात हो?’ तेव्हा मी अगदी लगबगीने एक कॅमेरा उचलला. या कॅमेऱ्यांना मागे एक बारीकशी खिडकी असते. आत रोल असला तर तिच्यातून दिसतो. मी खिडकीकडे पाहिलं नाही. मी पाहुण्यांकडे पाहत होतो. कळ दाबली आणि मागचं झाकण उघडलं.

आत फिल्म होती. पूर्ण ताणलेली, चॉकलेटी, चकचकीत. तिच्यावर व्हिडिओवाल्याचा दिवा पडलेला.

‘वा, छान,’ पाहुणे म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. मी झाकण लावलं. चिठ्ठी उलटून पाहिली. तिच्यावर गाव नव्हतं, मालक नव्हता. फक्त ‘ताई’.

भाऊ कागदी कप सांभाळत आले. मी त्यांना सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. भाषण मात्र केलं नाही. त्यांनी कप टेबलावर ठेवले, कॅमेरा माझ्या हातातून घेतला आणि खुर्चीवर बसले.

‘किती वेळ उघडा होता?’

‘तीन-चार सेकंद.’

‘दिवे?’

‘सगळे. व्हिडिओवाल्याचासुद्धा.’

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता हा माणूस उठेल, घरी जाईल आणि समोरच्या घराचं दार मला पुन्हा उघडणार नाही. त्यांनी तसं केलं असतं तरी मी त्यांना दोष दिला नसता.

पण ते बोलले, ते नेहमीच्या हजेरीच्या आवाजात. ‘ग्रंथपाल, बसा. हा कॅमेरा उलटा आहे. बाकीचे कॅमेरे फोटो काढत जातात तशी फिल्म रोलच्या डबीतून बाहेर ओढतात. मागचं झाकण उघडलं की काढलेले फोटो जातात. हा तसा नाय. हा रोल घातल्या घातल्या सगळी फिल्म आधी बाहेर काढून ठेवतो आणि एकेक फोटो काढला की तो डबीत आत घेतो. म्हणजे काढलेलं सगळं डबीत, अंधारात. तुम्ही जाळलंत ते न काढलेलं.’

‘म्हणजे ताईंचे फोटो…’

‘आहेत. शेवटचा डबीच्या तोंडाशी असणार. त्याचं मात्र सांगता येत नाही.’

शेवटचा म्हणजे कोणता, हे दोघांनाही माहीत होतं.

आता रोल ठेवण्यात अर्थ नव्हता. नाशकात असा जुना रोल हातात घ्यायला कोणी तयार होईना, म्हणून तो कुरियरने मुंबईला गेला. यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत एक पहिला रविवार आला. हजेरीला बोलावणं येईल का, म्हणून मी सकाळपासून खिडकीत. नऊ वाजता भाऊ त्यांच्या गच्चीवरून ओरडले, ‘अहो ग्रंथपाल, गैरहजेरी मांडू का?’

पाकीट आलं तेव्हा भाऊंनी वैशालीला आणि मला समोर बसवलं आणि एकेक फोटो पत्त्यांसारखा टेबलावर ठेवला. रंग फिके होऊन निळसर झालेले, बाकी सगळं शाबूत. निफाडची द्राक्षं खोक्यात भरणाऱ्या बायका, दवाखान्यातली आयाबाई, विहाराच्या पायऱ्यांवर झोपलेलं कुत्रं, शाळेच्या ओळीत जांभई देणारी लहान मुलं आणि त्यांच्यापुढे वैशाली, हातात पट्टी. ‘आत्या शाळेत कधी आली होती?’ वैशाली म्हणाली. ‘मला बोललीसुद्धा नाही.’ मग फोटो येत गेले तसं लक्षात आलं, की ताई कोणाच्या जवळ जातच नव्हती. सगळे फोटो दुरून, लेन्स पूर्ण पुढे काढून घेतलेले, म्हणून जरासे हललेले. आणि त्यांतल्या सातांत भाऊ होते. भाजीवाल्याशी हुज्जत घालताना. स्कूटरला लाथ मारताना. गच्चीवर बनियनवर, हातात कपड्यांचे चिमटे, तोंड उघडं टाकून खो-खो हसताना.

‘जवळ आली असती तर मी ताठ उभा राहिलो असतो,’ भाऊ म्हणाले. ‘तिला माहीत होतं.’

शेवटचा फोटो त्यांनी बराच वेळ हातात धरला, मग ठेवला. अर्ध्याहून अधिक कागद नारिंगी-पांढरा जळालेला. उरलेल्या भागात एका पांढऱ्या साडीचा काठ, घड्याळ बांधलेलं मनगट आणि कॅमेऱ्याकडे उगारलेला उघडा पंजा. थांब रे, नको रे, असा. चेहऱ्याच्या जागी उजेड होता.

मी म्हटलं, ‘भाऊ, माझ्यामुळे…’

भाऊंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. ‘नाही काढू दिला शेवटी,’ ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते. ‘तुम्ही नुसते निमित्त हो ग्रंथपाल. ताईला नको म्हणजे नको. डॉक्टर घाबरायचे, तिथं तुमचा-माझा काय पाड!’

त्यानंतर त्यांनी तिच्या कॅमेऱ्यात नवा रोल घातला आणि रोज संध्याकाळी तो खिशात घालून फिरू लागले. लोकांना न सांगता, दुरून. तो रोल पुरा व्हायच्या आत, जानेवारीतल्या एका सकाळी, पेपर वाचता वाचता ते गेले. वैशालीने मला हाक मारली तेव्हा चष्मा नाकावरच होता.

विहारात पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ठेवायला फोटो हवा होता. वैशालीच्या मोबाइलमध्ये वडिलांचे फोटो पुष्कळ, पण प्रत्येकात त्यांच्या तोंडासमोर कॅमेरा. ओळखपत्रावरचा एक होता, स्टुडिओवाल्याचा टाय घातलेला. त्यात ते साहेबासारखे दिसत होते, म्हणून मी तो बाद केला. वैशालीने पाकिटातून गच्चीवरचा फोटो काढला. विहाराच्या मंडळातले एक ज्येष्ठ सभासद अडखळले. ‘अहो, बनियनवर? कार्यक्रमाला पाहुणे येणार आहेत.’ मी म्हटलं, ‘येऊ द्या. या घराला पाहुण्यांचा एक अनुभव आहे.’ त्यांना ते कळलं नाही, पण फोटो मोठा करून फ्रेम झाला.

कार्यक्रमात वंदना चालू असताना लोक त्या फोटोकडे बघत आणि नकळत ओठ आवरत. इतका मोकळा हसणारा माणूस तिथे सहसा मांडला जात नाही. फुलं वाहायला आलेल्या एक बाई बराच वेळ समोर उभ्या राहिल्या.

‘अगदी जिवंत आहे हो,’ त्या वैशालीला म्हणाल्या. ‘कोणी काढला?’

‘आत्याने,’ वैशाली म्हणाली. ‘लांबून.’